कंडक्टरची चाल

फ्लीटवुड
बुधवार, ९ नोव्हेंबर १९९४

सिरिल,

'प्रिय' लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. लिहायला घेतलं होतं, पण तेहेतीस वर्षांनी हात वळेना. पुढच्या पत्रात बघू.

तुझं पत्र सोमवारी आलं. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि ते आधी साखरेच्या डब्यामागे ठेवून दिलं. दोन कप चहा प्याले, मग शेजारच्या मॉडला हाक मारली. मॉड हेस्केथला तू ओळखत नाहीस, विधवा आहे, चार वर्षांपूर्वी राहायला आली, आणि माझ्या घरात काय चाललंय हे माझ्याआधी तिला कळतं. ती म्हणाली, "अगं फोड की ते! बॉम्ब आहे का त्यात?" फोडलं. आत मोजून सहा ओळी. काय रे, एवढा नट माणूस तू, जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं पाठ करून बोललास, आणि स्वतःची म्हणून सहाच निघाली?

तुझ्या सहा ओळी मी मॉडला मोठ्याने वाचून दाखवल्या. ब्लॅकपूलला धक्क्यावरच्या थिएटरात नाताळचं नाटक करतोय. ट्राम कंडक्टरचं काम आहे. बहुतेक हे शेवटचंच, डोळे साथ देत नाहीत. दिग्दर्शिकेला काहीतरी गमतीदार चाल हवी आहे. ती चाल वापरली तर चालेल का? तू नाही म्हणालीस तर नाही वापरणार.

मॉड म्हणाली, "कुठली चाल?"

मी म्हटलं, "आमच्या बाबांची." आणि तिला सांगावं लागलं की बाबा छत्तीस वर्षं ट्रामवर कंडक्टर होते, घरातसुद्धा हलत्या ट्राममध्ये असल्यासारखे चालायचे, आणि तू एकसष्ट साली टीव्हीवरच्या त्या बोर्डिंग-हाऊसच्या मालिकेत ती चाल उचललीस. सहा भाग झाले आणि सगळा देश 'घट्ट धरा, मंडळी!' म्हणून ओरडायला लागला. दुसऱ्या वर्षी तू ते काम सोडलंस. का सोडलंस ते मी तिला सांगितलं नाही.

मॉडला वाटतं, बहीणभावांमध्ये एवढा अबोला म्हणजे घराच्या वाटणीवरून असणार. वाटू दे.

आता तू म्हणशील, एनिडला माझी काय खबर असणार. तर ऐक. मी सगळं पाहिलंय. तो स्टेशनमास्तर, ज्याने "गाडी गेली, साहेब" एवढंच म्हणून दार लावलं, तो पाहिला. सात बटलर पाहिले, त्यातला दुसरा सगळ्यात चांगला, कारण तो मालकावर मनातून चिडलेला होता आणि ते फक्त त्याच्या कानांवरून कळत होतं. पाद्री पाहिले. न्हाव्याच्या खुर्चीत मेलेला माणूस पाहिला, त्यात तू एकदा श्वास घेतलास. मुलांच्या नाटकातली गाय मला प्रेस्टनला जाऊन बघावी लागली. मागचे पाय तू होतास हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. पुढचे पाय दारू प्यायलेले वाटत होते, मागचे बिचारे सावरून घेत होते.

आणि शेवटी नावं यायची तेव्हा मी खुर्ची टीव्हीजवळ ओढायची. कधी सतरावा, कधी एकविसावा. एकदा नववा आलास, त्या दिवशी मी चिप्स आणून खाल्ल्या. सिरिल कॅटरॉल हे नाव कधी एकदा धड छापलंय का रे कोणी? सिरिल कॅटल. सेसिल कॅटरॉल. एकदा तर सिरिल कॅटरपिलर! मी त्या कंपनीला पत्र लिहिलं होतं की माझा भाऊ सुरवंट नाही. उत्तर नाही आलं.

मासळीच्या दुकानात बायका तुझ्यावरून भांडतात. "हा माणूस कुठंतरी पाहिलाय बाई! आपल्या पोस्टात होता का?" मी माझा हॅडॉक घेऊन घरी येते.

चालेल की नाही ते मागाहून कळवते. बाबांना त्या वेळी काय वाटलं ते मी तुला तेव्हाच लिहिलं होतं, त्यावर आता नको. घाई करू नकोस, मी सत्तर वर्षांची आहे.

एनिड


फ्लीटवुड
शुक्रवार, १८ नोव्हेंबर

सिरिल,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'तालीम २१ तारखेपासून. उत्तराची वाट बघतोय. गायीचे मागचे पाय.' ही सही वाचून मला हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला. इतक्या स्वस्तात हसवू नकोस मला.

उत्तर देते, पण आधी एक गोष्ट नीट आठवू दे, कारण तुझी आठवण आणि माझी आठवण एकच आहे की नाही, कोण जाणे.

बाबा कामावरून आले की स्वयंपाकघराच्या दारापासून शेगडीपर्यंत कसे यायचे? पाय फाकवून. डावा हात प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर टेकत. टेबलाला वळसा घालताना समुद्राकडच्या वळणावर ट्राम कलते तसे कलायचे, आणि आईच्या हातून बशी घेण्याआधी अंगठा जिभेला लावायचे, तिकीट फाडायचं असल्यासारखा. आई म्हणायची, "अहो, घरात आलात, उतरा आता!" इथपर्यंत बरोबर ना?

मग मी नऊ वर्षांची असताना एका रविवारी बाबांचा डगला घालून ती चाल केली. बाबा चर्चला गेले होते. तू सहा वर्षांचा, टेबलाखाली. आई बटाटे सोलत होती. मी दारातून आले, खुर्च्या धरल्या, कलले, आणि उंबऱ्यात आपलं ड्यूक मांजर पसरलेलं, ते काही हलेना. म्हणून मी दोन्ही पाय जुळवून त्याच्यावरून टुणकन उडी मारली आणि उतरता उतरता म्हटलं, "घट्ट धरा, मंडळी!" आई इतकी हसली की बटाटा तिच्या हातून सुटून शेगडीत गेला. आईला तसं हसताना मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवसापासून ती उडी चालीत राहिली. ड्यूक मेला तरी राहिली. बाबा मात्र जन्मात कधी उडी मारत नव्हते, ते मांजराला "चल ऊठ, फुकट्या!" म्हणून हाकलायचे.

तुला आठवत असेल तर ठीक, नसेल तर आता माहीत असू दे.

चर्चच्या मेळाव्यात मी ती चाल करायचे. सेहेचाळीस सालच्या वसंतात तिथं तो लठ्ठ गृहस्थ आला होता, मिस्टर पॉन्सफर्ड, समुद्रकाठच्या गाण्या-नकलांच्या मंडळीचा मालक. त्याने बाबांना विचारलं, "ही मुलगी उन्हाळ्यापुरती देता का?" बाबा म्हणाले, "तिलाच विचारा, ती काय पार्सल आहे?" मी हो म्हटलं. पेटीत दोन झगे भरले होते, सिरिल. निळा आणि तो टिपक्यांचा. आणि मग आईच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, कोणीतरी पोरगी घरात हवी.

पॉन्सफर्ड न्यायला आला तेव्हा मी दारात उभी होते, हाताला पीठ. तो म्हणाला, "मग आता मी काय करू? पाटीवर कॅटरॉल रंगवून झालंय." आणि तुझ्याकडे बघून म्हणाला, "हा करतो का काही?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "जा ना, एका हंगामापुरता तर आहे." तुझी पेटी मीच भरली. निळा झगा काढून तुझे शर्ट घातले. ती पेटी तुझ्याकडे अजून आहे का?

मी जाळ्यांच्या कारखान्यात लागले. सत्तावीस वर्षं मासेमारीच्या ट्रॉलरांची जाळी विणली, बोटं अजून झोपेत गाठी मारतात. तक्रार नाही. बायका मजेशीर होत्या तिथल्या, आणि बाबा शेवटपर्यंत माझ्याजवळ होते. हे सगळं मी तुला का सांगतेय? तुझा प्रश्न साधा होता. चालेल का. हो किंवा नाही.

मॉड म्हणते, "एक अक्षर लिहायला तुला एवढी पानं कशी लागतात गं?" तिला म्हटलं, "तू तुझा चहा पी."

एकसष्ट साली मालिकेचा पहिला भाग लागला तेव्हा बाबा आणि मी पुढच्या खोलीत बसलो होतो. बाबा त्या संध्याकाळी... जाऊ दे. टपालाची वेळ झाली.

एनिड


फ्लीटवुड
मंगळवार, २९ नोव्हेंबर

सिरिल,

आज मी तुझी तालीम पाहिली. ओरडू नकोस. तुला कळवलं असतं तर तू केस विंचरून बसला असतास.

ट्रामने गेले, धक्क्याच्या टोकाला चालत गेले, वाऱ्याने फक्त टोपी उडवायची बाकी ठेवली. दारात एक बाई लादी पुसत होती. बादली तिने सुतळीने बांधलेल्या छापील गठ्ठ्यांवर ठेवली होती. म्हणाली, "आत जायला मनाई आहे." मी म्हटलं, "माझा भाऊ आत काम करतो." ती म्हणाली, "कोण?" मी म्हटलं, "कंडक्टर." ती हळहळली, "अरे देवा, तो म्हातारा? बिचारा!" आणि आत सोडलं. मला त्या बाईचा राग आला, पण आत गेल्यावर कळलं ती तसं का म्हणाली.

मी मागच्या रांगेत खांबाआड बसले. तू आलास. किती बारीक झालास रे! युनिफॉर्मच तुला घालून फिरवतोय असं वाटलं. आणि तू चाललास. नीट, सरळ, एक पाय पुढे, मग दुसरा.

ती तुमची दिग्दर्शिका टॅम्सिन, नाकात रिंग असलेली, खालून ओरडली, "सिरिल, तुम्ही कंडक्टर आहात, बिशप नाही!"

तू म्हणालास, "चालतोय ना मी?"

"चालताय हो. पण कोण चालतंय तेच कळत नाही."

तू पुन्हा आलास. या वेळी थोडा लंगडलास. पुढच्या वेळी पोट पुढे काढलंस. सहा वेळा आलास, सहा वेगवेगळी माणसं होऊन, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला खोटं काम करताना पाहिलं. मेलेल्या माणसाचं कामसुद्धा तू खरं केलं होतंस.

ती पोरगी वाईट नाही. जवळ येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवून बोलली, पण तिचा आवाज रंगमंचावरचा, मागेपर्यंत आला. "सिरिल, शनिवारपर्यंत बघू. नाही जमलं तर कंडक्टर डेरेकला देऊ. तुम्ही पडद्यामागून निवेदन करा, आवाज सुंदर आहे तुमचा. तुमच्याकडे एक चाल आहे म्हणाला होतात ना? ती दाखवा की!"

तू म्हणालास, "ती माझ्या हातात नाही."

मला तेव्हाच उठून ओरडायला हवं होतं. कर, गाढवा, कर! तोंड उघडलं होतं मी. पण तेवढ्यात तुम्ही नाटकाच्या शेवटाला आलात. सगळे रांगेत उभे राहिलात, तू मधोमध, आणि शेवटच्या दोन ओळींशी येऊन सगळे एकदम गप्प झालात. कोणीतरी "टा-टा टा-टा टम" केलं आणि दिवे बंद. मला आठवलं. पहिल्या वर्षीचा नाताळ संपवून आलास तेव्हा तू आईच्या पलंगाशी बसून सांगितलं होतंस, नाताळच्या नाटकाच्या शेवटच्या दोन ओळी तालमीत कोणी बोलत नाही. बोललं तर अपशकुन. प्रेक्षक समोर येईपर्यंत त्या पोटात ठेवायच्या. आई म्हणाली होती, "आणि विसरलास तर?" तू म्हणालास, "पोटात ठेवलेलं कोणी विसरत नाही, आई."

खरं बोललास. मी खांबाआडून निघून आले. पोटातलं तिथं सगळ्यांसमोर काढायची हिंमत झाली नाही.

शनिवारला चार दिवस आहेत. उद्या लिहिते. नक्की.

एनिड


फ्लीटवुड
गुरुवार, १ डिसेंबर

सिरिल,

काल चार पानं लिहिली आणि शेगडीत घातली. आज हे संपल्याशिवाय उठायचं नाही, म्हणून मॉडला बाहेरून कुलूप लावायला सांगितलंय. ती खिडकीतून म्हणाली, "आग लागली तर?" मी म्हटलं, "जळू दे."

वापर ती चाल. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तू पत्र फेकलंस तरी कामाचं हाती राहील. हो. चालेल. पोट भरून वापर.

आता ऐक. एकसष्ट साली मी तुला लिहिलं होतं की बाबांनी तुझा कंडक्टर पाहिला, मध्येच उठून आत गेले, आणि दोन दिवस बोलले नाहीत. लिहिलं होतं की ते म्हणाले, "छत्तीस वर्षं मान खाली घालून काम केलं आणि पोराने जगासमोर माझं माकड केलं." ते माकड माझं होतं, सिरिल. बाबा असं काहीही म्हणाले नाहीत. मी रचलं. मी नकला करायचे ना, बाबांचा आवाज मला हुबेहूब यायचा. कागदावरसुद्धा आला.

खरं काय झालं ते सांगते. तू पडद्यावर आलास, खुर्च्या धरल्यास, कललास, आणि बाबा हातातली बशी खाली ठेवून म्हणाले, "आईशपथ, हा तर मी!" हसायला लागले. मग तू ती उडी मारलीस. बाबा हसायचे थांबले. पुढे वाकले. म्हणाले, "मी कधी उडी मारत नव्हतो." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ही माझी चाल नाही. ही तुझी आहे. बघ पोरी, तू टीव्हीवर आलीस!"

इतके खूश झाले होते. त्यांना वाटलं मीही खूश होईन.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. हातांना डांबराचा वास येत होता, जाळ्यांच्या दोऱ्याचा, तो तेव्हा साबणाने जात नसे. आतून बाबांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी विचार केला, माझे पाय लंडनला आहेत आणि मी इथं. पेटीसुद्धा मीच भरून दिली. त्याने विचारलंही नाही. एका शब्दाने तरी विचारायचं! आणि मी वही ओढली आणि ते पत्र लिहिलं. पाच मिनिटं लागली. आत्ता तेवढंच खरं लिहायला तीन आठवडे लागले.

मला वाटलं होतं तू रागावशील, भांडायला येशील, आणि समोर आलास की मी सांगून टाकेन. तू आला नाहीस. तुझं कार्ड आलं. 'बाबांना सांग, पुन्हा कधी त्यांची थट्टा करणार नाही.' आणि तू खरंच काम सोडलंस. सगळा देश ज्या माणसासाठी टीव्ही लावत होता तो माणूस तू टाकून दिलास आणि बटलर झालास. सतरावा, एकविसावा. मी ते कार्ड बाबांना दाखवलं नाही.

याहून वाईट अजून आहे. दुसऱ्या वर्षी मालिका लागली तेव्हा बाबांनी आपल्या डेपोतल्या जुन्या सोबत्यांना घरी बोलावलं होतं. पाच जण, धुतलेले कॉलर घालून. आणि पडद्यावर भलताच कोणी. तो "घट्ट धरा" म्हणाला तेव्हा बाबा उठून टीव्ही बंद करून म्हणाले, "याला ट्राम म्हणजे काय ते माहीत नाही." मग मला विचारलं, "आपला सिरिल का नाही गं?" मी म्हटलं, "मोठं काम मिळालं असेल." ते म्हणाले, "हं, तसंच असेल." ते जाईपर्यंत तुझ्या मोठ्या कामाची वाट बघत होते. वर्तमानपत्रातली नाटकांची पानं कापून ठेवायचे.

चौसष्ट साली तू बाबांच्या अंत्यविधीला मागच्या बाकाशी उभा होतास. बापाला लाज आणली म्हणून पुढे आला नाहीस. मी वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहिलं. तू पुढच्या गाडीने गेलास. त्या दिवशी मला दोन वाक्यं बोलायची होती फक्त.

तर या माझ्या शेवटच्या दोन ओळी. बाबांना तुझा अभिमान होता. खोटं मी बोलले.

माफी मागत नाही, कारण माफी मागितली की तू ती देशील, तुझा स्वभाव तसलाच आहे, आणि ते मला सोसणार नाही. फक्त शनिवारी चाल कर. खुर्च्या धर, कल, अंगठा चाट, आणि उडी मार. गुडघे दुखले तर दुखू देत.

हे टपालात टाकणार नाही. मॉडने कुलूप काढलं की ट्रामने जाऊन तुमच्या दारवानाच्या हातात देते.

एनिड


फ्लीटवुड
रविवार, ११ डिसेंबर

प्रिय सिरिल,

बघ, लिहिलं.

नऊ दिवस तुझं उत्तर नाही. मी रोज पोस्टमनकडे असं काही बघायचे की परवा तो मॉडच्या दाराच्या फटीतूनच माझं टपाल टाकून पळाला. शेवटी मी म्हटलं, सिरिलने पत्र वाचलं आणि आपल्याला टाकलं, बरोबरच केलं त्याने. मॉड म्हणाली, "तिकिटं मी काढलीयत. तिसरी रांग. टाकलेली बहीण म्हणून बस, पण बस." काल म्हणून आलो आम्ही दोघी.

पडदा उघडल्यापासून मी कोट हाताशीच धरून होते. डेरेक कंडक्टर होऊन आला तर उठायचं, असं ठरवलं होतं. मग ट्रामची घंटा वाजली, आणि तू आलास.

सिरिल, काय सांगू? पाय फाकवलेले, डावा हात खुर्च्यांवर, वळणावर कललास तेव्हा माझ्या बाजूचा माणूसही कलला. सदुसष्टाव्या वर्षी दोन्ही पाय जुळवून तू टुणकन उडी मारलीस, आणि मॉड किंचाळली, "अगं, मला लाथ का मारतेस?" माझाही पाय उडाला होता. आणि मी हसले. आई हसायची तसं, बटाटा शेगडीत जाईल असं. सगळ्या थिएटरात ऐकू गेलं असेल.

तू थांबलास. तुला म्हणे चार हातांवरचं दिसत नाही. पण पायऱ्या उतरून त्या हसण्याच्या रोखाने खाली आलास, पोरं ओरडतायत, तू बाकांच्या पाठी धरत धरत तिसऱ्या रांगेशी आलास. अंगठा चाटलास, तिकीट फाडलंस आणि बाबांच्या आवाजात विचारलंस, "कुठं जायचं, बाई?"

माझ्या तोंडून निघालं, "घरी."

"शेवटचा थांबा. घट्ट धरा."

मी तिकीट घट्ट धरलं, अजून धरलंय. तेवढ्यावरच तू वळलास, बाकीचं नाटक काय झालं ते मॉडला विचार. शेवटच्या दोन ओळी तू बोललास तेव्हा मला ऐकूच आल्या नाहीत, पण सगळे टाळ्या वाजवत होते म्हणजे चांगल्या असणार.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परतीच्या ट्राममध्ये मॉड नाटकाची पत्रिका वाचत होती. माझा चष्मा डोळ्यांतल्या पाण्याने निकामी झाला होता. ती म्हणाली, "एनिड, तुझं नाव छापलंय इथं."

मी म्हटलं, "चावटपणा पुरे."

"अगं खरंच! खाली बघ. दिवे अमुक, कपडे तमुक, आणि मग, 'कंडक्टरची चाल : एनिड कॅटरॉल'."

चष्मा पुसून मी ते वाचलं. थांबा येऊन गेला, दुसरा येऊन गेला, मी वाचतच होते. तुला माझं पत्र मिळालं, मग तू हे छापून घेतलंस, असं मला वाटलं. आणि मग मला ती लादी पुसणारी बाई आठवली. तिची बादली. बादलीखालचे सुतळीने बांधलेले गठ्ठे, याच पत्रिकेचे. ते मी २९ तारखेला पाहिले होते, आणि पत्र मी एक तारखेला आणून दिलं. म्हणजे मी काही कबूल करायच्या आधीच हे छापून आलेलं होतं.

सुरुवातीला तू लिहिलं होतंस, 'ती चाल वापरली तर चालेल का?' मी वाचलं बाबांची चाल. मॉडला सांगितलं बाबांची चाल. तू तर बाबांचं नावच घेतलेलं नव्हतंस. टेबलाखालून तू सगळं पाहत होतास, सहा वर्षांचा असल्यापासून तुला माहीत होतं, आणि या वेळी ज्याची वस्तू त्यालाच विचारत होतास. मी तीन आठवडे भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत बसले. आणि मी नाही म्हटलं असतं तर, गाढवा? प्रत्येक पत्रिकेवर कागद चिकटवत बसणार होतास?

तुझं नाव पुन्हा चुकवलंय. सेसिल. मी त्यांना पत्र लिहिणार आहे. माझं मात्र एकेक अक्षर बरोबर आहे, तीनदा तपासलं.

पुढच्या रविवारी तुझा खेळ नाही असं त्या लादीवाल्या बाईने मॉडला सांगितलं. जेवायला ये. मटण-बटाट्याचं हॉटपॉट करते, वरचा बटाटा करपवून, तुला आवडतो तसा. बाबांची कात्रणं काढून ठेवते. अकराच्या ट्रामला मी थांब्यावर उभी असेन, म्हणजे तुला शोधावं लागणार नाही. बोलायचं असलं तर बोल, नाहीतर नुसता जेव.

एक सांगायचं राहिलं. घरात मांजर आहे. भटकंच आलं आणि राहिलं, उंबऱ्यातच झोपतं आणि जीव गेला तरी हलत नाही. तुला दिसणार नाही, म्हणून आधीच सांगते. उडी मारून ये.

तुझी,
एनिड